बेड नंबर एकचं पाणी

सिस्टरांनी माझं नाव विचारायच्या आधी मला हात धुवायला लावले होते. पिरंगुटजवळच्या भरे गावात त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घ्यायची म्हणून बघायला मी गेले होते. चपला दारात काढल्या, आणि त्या मोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कोपरापर्यंत. साबण तिथंच आहे." मला वाटलं, सोवळंओवळं असणार, आपलं इथं जमायचं नाही. हात पुसत बाहेर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता आधी खालचा भाडेकरू दाखवते. तो चालत असेल तर वर जाऊ, नाहीतर उगाच जिना कशाला चढतेस?"

खालचा भाडेकरू बैठकीच्या खोलीत, भिंतीला लागून ठेवलेल्या काचेच्या पेटीत राहत होता. पालथ्या घातलेल्या मडक्याच्या फुटक्या तोंडातून त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. आफ्रिकेतला अजगर, पण बुटक्या जातीचा, माझ्या मनगटाहून थोडा जाड. पेटीच्या कडेला एक क्लिपबोर्ड टांगला होता, जसा दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी असतो.

"बेड नंबर एक," सिस्टर म्हणाल्या. "चावत नाही. पण घाबरलीस तर घाबरले म्हणून सांग."

मी म्हणाले, "नाही नाही, इट्स फाइन." भीती वाटली की मी इंग्रजीत शिरते. खोली मात्र घेतली. पिरंगुटला माझं ऑफिस होतं, बस दारापासून हाकेच्या अंतरावर थांबायची, आणि सिस्टर बाकी काही विचारत नव्हत्या. वडील काय करतात, लग्नाचं काय, सुट्टीला घरी का जात नाहीस, यातलं काहीही नाही.

पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्या पस्तीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, तेव्हा भऱ्यात हे छोटं दुमजली घर बांधून एकट्या राहायला आल्या. गावात सगळे त्यांना 'शिस्टर' म्हणत. पदराला पिनेनं लावलेलं ड्युटीचं घड्याळ त्यांनी काढलं नव्हतं. वेळ बघायची असली की त्या हनुवटी छातीला टेकवून खाली बघायच्या, आणि समोरच्याला वाटायचं, या कशालातरी शरमल्यात.

साप त्यांचा नव्हता. माझ्या आधी वरच्या खोलीत हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा राहत होता, त्याचा. रीतसर सरकारी नोंदणी केलेला; कागद सिस्टरांच्या फायलीत होते. एका सकाळी तो म्हणाला, दोन आठवडे घरी जाऊन येतो, तेवढं पाणी बदला. कसं बदलायचं ते त्याने दाखवलं, सिस्टरांनी वहीत उतरवून घेतलं, आणि तो गेला. मी राहायला आले तेव्हा त्या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली होती. त्याचा फोन लागत नव्हता.

"म्हणजे सोडून गेला तो," मी एकदा धीर करून म्हणाले.

"तो गेला असेल. मी ओव्हर घेतली होती ना?"

ओव्हर हा त्यांचा वॉर्डातला शब्द. पाळी संपली की जाणारी नर्स येणारीला एकेका खाटेपाशी उभी करून पेशंट सांगते: याचं सलाइन इतकं राहिलंय, याला ताप होता, हा रात्री रडला. ती ऐकून घेते, सही करते, मगच पहिलीने घरी जायचं. पुढची आली नाही तर थांबायचं. तिचं मूल आजारी असो, बस चुको, थांबायचं. ओव्हर दिल्याशिवाय सिस्टरांनी कधी वॉर्डचं दार ओलांडलं नव्हतं. आता बेड नंबर एकची ओव्हर घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून तीन वर्षांत त्या एक रात्रही भऱ्याबाहेर राहिल्या नव्हत्या.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण कराडला त्यांची थोरली बहीण होती, अक्का. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. भाचा आणि त्याची बायको बघायचे तिचं. दर रविवारी सकाळी अक्काचा फोन यायचा आणि तो स्पीकरवर असायचा, कारण त्या वेळी सिस्टरांच्या हाताला साबण असायचा. मला जिन्यात ऐकू यायचं. ऐकू यायचं म्हणते, पण मी तिथे येऊन बसायचे.

"कवा येतीस गं?"

"बघते, अक्का."

"तीन वरसं नुसती बघतीस. मी काय आता लई दिवसाची न्हाई."

"असं बोलू नये."

"मग कसं बोलू? सापाला हाय तेवढी किंमत भनीला दे म्हन्ते."

दोघी हसायच्या. अक्काला हसताना खोकला लागायचा, आणि सिस्टर लगेच विचारायच्या, "कफ कसला आहे? पांढरा की पिवळा?"

सापाचं पाणी दोन-चार दिवस बदललं नाही तरी फारसं बिघडत नाही, हे मी फोनवर वाचून त्यांना सांगितलं होतं. "नाही बिघडत," त्या म्हणाल्या. "माणसाचंही नाही बिघडत. बिघडत नाही म्हणून सोडत गेलं तर वॉर्ड चालेल का?"

शेजारच्या मावशी दूध घालायला यायच्या. सिस्टरांनी त्यांना एकदा माझ्यासमोर विचारून पाहिलं.

"मी? सापाला पानी?" मावशींनी किटली खालीच ठेवली. "अवो शिस्टर, आमी खाचरात ह्याचा भाऊ बघितला की काठी घिऊन पळतोय, आन् तुमी हितं वाडग्यात पाजताया!"

"हा बिनविषारी आहे, मावशी."

"आसंल. त्याला ठावं हाय का?" मग माझ्याकडे वळून, "ही पोरगी हाय की वर. शिकल्याली हाय. तिला का न्हाई इचारत?"

सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला तिची ड्युटी आहे."

मी डबा उचलला आणि बस पकडायला गेले. पुढे कितीतरी महिने त्यांनी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. खिडकीपाशी बसून पिरंगुटपर्यंत मी रोज एक वाक्य मनात जुळवायचे आणि संध्याकाळी ते न बोलता जिना चढायचे.

वाडग्याची त्यांची शिस्त पाठ होईल इतकी मी ऐकली होती. पेटीच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा, दुसरं टोक गार. वाडगा गार टोकाला, मागच्या कोपऱ्यात, काचेपासून दोन बोटं सोडून. दिव्याखाली ठेवला तर पाणी कोमट होतं, त्यात घाण लवकर धरते, वाफेने काच घामेजते आणि सापाला छातीचं दुखणं लागतं. वाडगा चिनी मातीचा आणि जड हवा, हलका असला की साप खाली डोकं घालून उलटवतो. भरायचा अर्ध्याच्या आत, कारण कात टाकायच्या सुमारास हा अख्खा त्यात जाऊन बसतो आणि पाणी काठावरून खाली अंथरलेल्या कागदावर सांडतं.

"ओल्या चादरीवर पेशंट ठेवला तर काय होतं?"

"बेडसोर," मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखी म्हणायचे.

"यालाही होतं. पोटाखाली. आणि याला कुशीवर वळवायची सोय नाही. जिकडून बघावं तिकडून पोटच."

वाडगे दोन होते. एक पेटीत, दुसरा धुऊन गच्चीवर उन्हात. घासणी वेगळी, तिला लाल दोरा बांधलेला. पाणी विसळून काढलं की त्या अंगठ्याची मागची बाजू वाडग्याच्या आतून फिरवायच्या. पाणी नितळ दिसलं तरी तळाला एक बुळबुळीत थर धरलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही. मलाही त्यांनी अंगठा फिरवायला लावला होता. "दिसण्यावर ड्युटी होत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वतःचा पिण्याचा तांब्या मात्र दोन-दोन दिवस टेबलावर तसाच. चहा करून ठेवायच्या आणि त्यावर साय धरली की ढवळून गारच प्यायच्या. संध्याकाळचं जेवण उभ्याउभ्या, पातेल्यातून. घरात त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं आणि माझ्याशीही नव्हतं. आम्ही दोघी एकाच घरात आपापल्या मजल्यावर गप्प राहत होतो.

डिसेंबरात एका रविवारी फोन आला तो अक्काचा नव्हता, भाचेसुनेचा. "मावशी, अक्कांना आता बोलवत नाही. मी फोन कानाला लावते, तुम्ही बोला." सिस्टर बोलल्या. पाऊणेक मिनिट बोलल्या, थांबल्या, पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. त्या नळाखाली वाडगा धरून तशाच उभ्या राहिल्या. पाणी भरून वाहत होतं.

मी खाली आले. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं विसरले होते.

"मी घेते," म्हणाले. "ओव्हर."

त्यांनी नळ बंद केला. "घाबरतेस ना तू?"

"थोडी."

"आधी तीन दिवस माझ्याबरोबर उभी राहा."

तीन दिवस उभी राहिले. चार्टवर पहिल्या दिवशी मी इंग्रजीत लिहिलं, तर म्हणाल्या, "मराठीत लिही. पुढच्या पाळीला कोण येईल सांगता येत नाही, वाचता आलं पाहिजे." गुरुवारी सकाळी ओव्हर द्यायला त्यांनी तास घेतला. दिव्याचं बटण, पेटीची कडी, घासणीचा दोरा, सगळं. मी सही केली. त्या पिशवी घेऊन निघाल्या आणि फाटकातून परत येऊन म्हणाल्या, "दोन बोटं सोडून."

गुरुवार, शुक्रवार नीट गेले. साप मडक्यात होता, मी कडी काढली, वाडगा उचलला, बदलला, लिहिलं. स्वतःचाच अभिमान वाटला. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तर तो बाहेर होता. वाडग्याभोवती वेटोळं घालून, हनुवटी काठावर ठेवून पडला होता. वाडगा काढायचा म्हणजे त्याच्या अंगाखालून हात घालायचा. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. किती वेळ, आठवत नाही. मग क्लिपबोर्ड उचलला आणि लिहिलं: 'सायं. ७. पाणी बदलले. वाडगा स्वच्छ.'

इथे एक सांगायला हवं. पिरंगुटला आमच्या कंपनीत मशीनच्या चेकलिस्ट होत्या. तेल पाहिले, गाळणी साफ केली, बरोबरची खूण. आठवड्याच्या सगळ्या खुणा शनिवारी एकाच पेनाने, एका बैठकीत व्हायच्या. त्या खुणा गोळा करून फायलीला लावणं हे माझं काम होतं. कोणी खोटं बोलतंय असं आमच्यात कोणालाच वाटत नसे. त्या संध्याकाळी माझा हात त्याच सवयीने चालला. रविवारी सकाळी साप तसाच होता. मी पुन्हा लिहिलं.

रविवारी दुपारी सिस्टर आल्या. इतकं मोकळं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पिशवी खाली ठेवता ठेवताच सांगत होत्या, "ओळखलं गं मला! बोलवत नाही, पण हात सोडेना. मी म्हटलं, संक्रांतीला येते परत. तेव्हा कुठं सोडला. तू आहेस म्हटल्यावर मला आता काय..." आणि थांबल्या. त्यांना वास आला होता. मला नाकासमोर असून आला नव्हता.

त्या हात धुऊन आल्या, कडी काढली, सापाला एका हाताने अलगद उचलून बाजूला केलं आणि वाडगा बाहेर काढला. सापाने पाण्यातच घाण केली होती, आणि ती काही त्या दिवसाची नव्हती. त्यांनी चार्ट वाचला. एकदा सवयीने अंगठा वाडग्यात फिरवला.

"सिस्टर, सॉरी. तो वाडग्याभोवती बसला होता, मला हात घालवेना."

"मग तसं लिहायचं."

"काय लिहायचं?"

"भीती वाटली, बदललं नाही. यात काय अवघड आहे? नवीन मुली पेशंटला हात लावायला घाबरतातच. तसं लिहिलेलं असलं की पुढची येऊन करते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे असं लिहिलं की पुढची काही करत नाही. तिला वाटतं झालंय."

मी वर गेले. संध्याकाळी त्यांनी कराडला फोन लावला. जिन्यात बसायचं धैर्य नव्हतं, तरी ऐकू आलं. "संक्रांतीचं जमायचं नाही बहुतेक. अक्काला आत्ता सांगू नकोस."

त्यानंतर त्या माझ्याशी वागायला तशाच होत्या. उसळ केली की वाटीभर वर यायची, भेटलं की "थंडी आहे, स्वेटर घाल" म्हणायच्या. ओव्हरचं मात्र बोलणं निघालं नाही. संक्रांत आली. मावशींनी दारात तिळगूळ दिला आणि विचारलं, "शिस्टर, जानार व्हता न्हवं भनीकडं?" सिस्टर म्हणाल्या, "पुढं बघू." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी तिळगूळ तोंडात घातला, म्हणजे बोलावं लागू नये.

महिन्याच्या अखेरीस, एका शनिवारी सकाळी, भाचेसुनेचा फोन आला. मी ऑफिसला निघाले होते, जिन्यातच होते.

"मावशी, अक्कांनी कालपासून पाणी घ्यायचं सोडलंय. चमच्यानं घातलं तर ओठाबाहेर येतं."

सिस्टरांनी पस्तीस वर्षं हे वाक्य दुसऱ्यांच्या नातेवाइकांना समजावून सांगितलं असेल. त्यांनी फोन ठेवला आणि पेटीसमोरच्या खुर्चीत बसल्या. हनुवटी खाली घालून घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं.

मी खाली गेले आणि काही न बोलता क्लिपबोर्ड काढला. डिसेंबरचा कागद तळाला होता. खोडरबर किंवा पांढरी शाई चार्टला चालत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर खरं लिहायचं आणि सही. मी दोन्ही नोंदींवर रेघ मारली. वर लिहिलं: 'साप वाडग्याभोवती होता. भीती वाटली. पाणी बदलले नाही. बदलले असे खोटे लिहिले.' सही केली, आजची तारीख घातली आणि त्यांच्या हातात दिला.

शाळेत कधी कबुली द्यायची वेळ आली नव्हती. मी कधी पकडली जाईन असं काही केलंच नव्हतं.

त्यांनी वाचलं. पेन मागितलं. माझ्या सहीच्या खाली स्वतःची सही केली.

"ऑफिस?"

"कळवते आज येत नाही म्हणून."

"तो कात टाकायला आलाय. डोळे निळसर झालेत बघ. वाडग्यात जास्त बसेल. ओल बघ." त्या उठल्या. "बाकी तुला माहीत आहे."

ओव्हर दोन मिनिटांत संपली. मावशींच्या मुलाने गाडीवर त्यांना पौड रस्त्याला सोडलं, तिथून स्वारगेट, तिथून कराडची एसटी. मी फाटकात उभी राहिले. या वेळी त्या परत वळल्या नाहीत.

संध्याकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. मी पेटीसमोरच बसले होते.

"सिस्टर? पोचलात?"

"दुपारी पोचले." मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. "सातारा सोडलं तेव्हा गेली. मी गाडीत होते."

मला मराठीत काय म्हणतात ते आठवेना आणि इंग्रजीतलं म्हणवेना. संक्रांतीला त्या तिथे असत्या. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"सिस्टर, माझ्यामुळे..."

"ते राहू दे. तू सांग."

"काय सांगू?"

"आजचं."

मी सांगितलं. दुपारी तो वाडग्यात जाऊन बसला होता. पाणी काठाशी आलं, सांडलं नाही. पाच वाजता बाहेर आला आणि पुन्हा वाडग्याभोवती वेटोळं घातलं. मी घाबरले, अर्धा तास नुसती बसून राहिले. मग बाही वर करून हात घातला. अंग गार होतं, कोरडं होतं. तो हलला आणि मी ओरडले, मावशी पळत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, चावला का गं? नाही चावला. मग वाडगा काढला, अंगठा फिरवला, बुळबुळ होती, दोनदा घासला. गच्चीवरचा ठेवला. दोन बोटं सोडून.

"खाली अंथरलेला कागद?"

"एका कोपऱ्याला ओला होता. बदलला."

"मग?"

"मग तो पाणी प्यायला."

हे मी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्याने तोंड पाण्याला नुसतं टेकवलं होतं, जीभ काढली नाही की काही नाही. जबड्याखालची कातडी तेवढी हळूहळू हलत होती, नाडी हलावी तशी.

"किती वेळ प्यायला?"

"घड्याळ नाही बघितलं."

"अंदाजे."

"बराच वेळ, सिस्टर. थांबत थांबत."

पलीकडे कोणीतरी "मावशी, आत या, अक्कांना पाणी पाजायचंय सगळ्यांनी," असं म्हणालं. त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"मग?" त्या म्हणाल्या.

मग काहीच झालं नव्हतं. सांगण्यासारखं सगळं संपलं होतं. आयुष्यात फोनवर मी इतकं कधी बोलले नव्हते. मी खुर्ची पेटीच्या आणखी जवळ ओढली, काचेला कपाळ लावलं आणि तो आत्ता काय करतोय ते त्यांना सांगायला लागले.